तीन मजली गांडूळ पेटी: पेटी चांगली, पुस्तिका वाईट

गांडुळं मला नवी नाहीत, हे आधीच सांगून टाकते. नोकरीची सगळी वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. तिथे रोज जे हाताळलं त्यापुढे गांडुळाची किळस ती काय वाटणार! तळाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या टबात मी बरीच वर्षं खत करते आहे. पण भरलेला ओला टब उचलायचा, प्लास्टिकच्या कागदावर उपडा करायचा, हे मनगटांना झेपेनासं झालं. म्हणून मुलाने ही तीन ट्रेंची तयार पेटी मागवली. “आई, यात उपसाउपशी नाही. गांडुळं आपली आपण वरच्या ट्रेमध्ये चढतात. खालचा ट्रे काढला की खत तयार!” असं तो म्हणाला. खोक्यावरही जवळजवळ हेच छापलेलं होतं.

पेटी वापरून वर्ष उलटलं. टबही शेजारी चालूच आहे, त्यामुळे तुलना करण्याइतका अनुभव गाठीशी आहे. कंपनीचं नाव देत नाही. या घडणीच्या पेट्या बरेच जण काढतात, साचा जवळपास एकच असतो, आणि माझं म्हणणं त्या साच्याबद्दल आणि सोबत येणाऱ्या पुस्तिकेबद्दल आहे.

खोक्यात काय होतं? जाळीच्या तळाचे तीन गोल ट्रे, गळलेलं पाणी साचायला तोटी बसवलेला खालचा टप, पाय, हवेची भोकं असलेलं झाकण, कोकोपीटची म्हणजे नारळाच्या भुशाची एक वीट, चुन्याच्या भुकटीचं पाकीट आणि गुळगुळीत कागदावर छापलेली रंगीत पुस्तिका. गांडुळं वेगळी, कापडी पिशवीत आली. प्लास्टिक काळं, जाड आणि अजिबात पारदर्शक नाही. ही गोष्ट चांगली, कारण गांडुळाला डोळे नसले तरी त्याच्या कातडीला उजेड कळतो आणि सोसत नाही. पाय खाचेत दाबले की बसतात. जोडणीला कसलंही हत्यार लागलं नाही.

पिशवीवर ‘अर्धा किलो लाल गांडुळं’ असं लिहिलं होतं. मी ती उजेडात पसरून, माल बाजूला सारत सारत नुसती गांडुळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. वजन निम्म्याहूनही कमी भरलं. उरलेलं वजन ओल्या भुशाचं होतं. प्रवासात गांडुळं ओल्या मालातच पाठवावी लागतात हे मान्य, पण मग वजन गांडुळांचं लिहा ना. ग्राहक सेवेला विचारलं तर “पाठवताना एवढीच भरतात” असं उत्तर आलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती कोणती गांडुळं, हे कुठेच लिहिलेलं नाही. भिंगाखाली पाहिलं तर बहुतेक आयसेनिया फेटिडा निघाली. या जातीच्या अंगावर लालसर आणि पिवळट पट्टे आलटून-पालटून असतात आणि शेपटीचं टोक फिकट पिवळं दिसतं. मधूनमधून निळसर-जांभळी झाक मारणारी, हात लावताच ताडकन उसळणारी होती, ती पेरिऑनिक्स. तिसरी एक जात अशा पेट्यांसाठी विकली जाते ती युड्रिलस. ती लांब आणि करडी-जांभळी असते, खाते भरपूर, पण थंडीला फार नाजूक. तिन्ही चालतात, कारण तिन्ही जमिनीवरच्या कुजत्या पाल्यापाचोळ्यात राहणाऱ्या आहेत. मातीत खोल बिळं करणारी गांडुळं खणून आणून पेटीत घातली तर ती तिथे जगत नाहीत. पुस्तिका यावर गप्प आहे.

आता पुस्तिकेचं बोलते, कारण माझा खरा राग तिच्यावर आहे. पहिल्या पानावरची सूचना अशी: वीट भिजवा, ट्रेमध्ये पसरा, गांडुळं सोडा, वरून ट्रेभर ओला कचरा घाला. यातलं शेवटचं वाक्य कितीतरी पेट्यांच्या मुळावर आलं असेल. गांडुळाला दात नसतात. ते साल चावून खात नाही. आधी जिवाणू आणि बुरशी त्या सालीचा लगदा करतात, मग गांडूळ तो लगदा त्यावरच्या जिवाणूंसकट ओढून घेतं आणि पोटातल्या पेषणीत बारीक वाळूच्या कणांबरोबर दळतं. नव्या पेटीत ना जिवाणूंचा जम बसलेला असतो, ना वाळूचा कण असतो. तिथे ट्रेभर साली टाकल्या तर त्या नुसत्या सडतात, तापतात, हवा संपते, आणि गांडुळं झाकणाच्या भोकांतून बाहेर पडायला लागतात.

माझी पद्धत सांगते. कोकोपीट साध्या पाण्यात भिजवून पिळायचं, ते पाणी फेकायचं, पुन्हा एकदा तसंच करायचं. नारळाच्या भुशात मीठ बरंच असू शकतं आणि गांडूळ कातडीने श्वास घेतं, त्यामुळे खारटपणा त्याला थेट झोंबतो. मग त्यात बोटभर रुंदीचे पुठ्ठ्याचे तुकडे. पन्हळी पुठ्ठा सगळ्यात चांगला, कारण त्याच्या नळ्यांत हवा राहते आणि गांडुळं आत घरं करतात. चकचकीत छपाईचा नको. वर्तमानपत्राच्या पट्ट्या चालतात, पण एकावर एक चिकटून त्यांचा थर होतो, म्हणून त्या पुठ्ठ्यात मिसळूनच घालायच्या. यावर ओंजळभर जुनं खत किंवा बागेतली माती. त्यातून जिवाणूही येतात आणि वाळूही. एवढं करून पेटी चारपाच दिवस तशीच ठेवायची, गांडुळांशिवाय. मी तर आत थर्मामीटर खोचून ठेवते. तापलं नाही अशी खात्री पटली की मगच गांडुळं.

ती वरून ओतायची, पुरायची नाहीत. दिवा लावला की निरोगी गांडुळं काही मिनिटांत खाली जातात. जी वरच लोळत राहतात ती मेलेली किंवा दुखावलेली, ती काढून टाका. पहिल्या दोनतीन रात्री पेटीवर दिवा चालू ठेवायचा, म्हणजे नव्या जागेला बिचकून जी बाहेर निघतात ती निघत नाहीत. एवढा साधा उपाय पुस्तिकेत छापायला अर्धी ओळ पुरली असती.

“पेटी कुठेही ठेवा, अगदी वॉशिंग मशीनवरसुद्धा!” हे वाक्य मात्र छापलं आहे, शेजारी हसऱ्या बाईच्या चित्रासह. आमच्या ह्यांनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचून दाखवलं, कारण बाल्कनीतली त्यांची खुर्ची त्यामुळे वाचणार होती. मी त्यांना डार्विनचा किस्सा ऐकवला. डार्विनने मरणाच्या आदल्या वर्षी, १८८१ मध्ये, गांडुळांवर अख्खं पुस्तक काढलं. त्याने कुंड्यांत गांडुळं पाळली होती. त्यांच्यापुढे शिट्टी फुंकली, बॅसून नावाचं मोठं फुंकवाद्य वाजवलं, पियानो बडवला, पण त्यांना ढिम्म फरक पडला नाही. मात्र कुंड्या पियानोवरच ठेवून एक स्वर वाजवला, तशी ती झटकन बिळात गेली. आवाज ऐकू येत नाही, कंप मात्र पुरेपूर कळतो. आता सांगा, कपडे पिळणाऱ्या मशीनवर ती कशी नांदतील? खुर्ची हलली, पेटी सावलीच्या कोपऱ्यात बसली.

सावलीचं महत्त्व या काळ्या प्लास्टिकला जरा जास्तच आहे. ऊन पडलं की पेटी आतून पटकन तापते. आयसेनियाला १५ ते २५ अंश सेल्सिअस मानवतं, ३० च्या पुढे ती अस्वस्थ होते आणि ३५ च्या वर मरायला लागते. टबात माल जास्त असल्याने मधला भाग थंड राहतो. पेटीचे ट्रे उथळ आहेत, म्हणून दोन्हींत सारखंच थर्मामीटर लावलं तरी पेटीचा पारा आधी चढतो. कडक उन्हाळ्यात मी गोठवलेल्या पाण्याची बाटली वरच्या ट्रेच्या एका कडेला आडवी ठेवते आणि झाकणाखाली ओलं गोणपाट पसरते. कडाक्याच्या थंडीत याच्या उलट. १० अंशांखाली ती खाणं जवळजवळ सोडतात, तेव्हा पेटी घरात घ्यावी आणि कचरा कमी घालावा.

खाण्याचा हिशोब पुस्तिकेत ‘रोज अर्धा किलो’ असा आहे, पहिल्या दिवसापासून. गांडुळं रोज वजनाच्या निम्मं खातात हा आकडा सगळीकडे सांगतात, पण तो मुरलेल्या पेटीचा, ऊब-ओल अगदी योग्य असतानाचा. पाव किलोहून कमी गांडुळांच्या नव्या पेटीत तो लावला तर आठवड्याभरात दुर्गंधी सुटणार. माझा नियम साधा आहे. मागचं घातलेलं ओळखू येत असेल तर नवीन घालायचं नाही. आधी आठवड्यातून दोनदा मूठभर, नंतर अंदाजाने वाढवत न्यायचं. घालताना एका कोपऱ्यात खड्डा करून, वर पुठ्ठ्याचा थर. पुढच्या वेळी दुसरा कोपरा. उघड्यावर टाकलेली साल म्हणजे चिलटांना आमंत्रण.

मी साली बारीक करून एक-दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवते. गोठताना पेशी फुटतात, त्यामुळे बाहेर काढल्यावर त्या लगेच मऊ पडतात, आणि फळांवर आलेली चिलटांची अंडीही बरीचशी मरतात. केळीची सालं, भोपळा, कलिंगडाची साल, काकडीचे शेंडे, पालेभाज्यांचे देठ, चहा-कॉफीचा चोथा हे सगळं आवडीचं. टी-बॅगचा चोथा घाला, पिशवी नको. बऱ्याच पिशव्यांत प्लास्टिकचे धागे असतात आणि खतात त्यांची जाळी जशीच्या तशी उरते. फळांवरचे स्टिकर तर अमर आहेत. तयार खताच्या ट्रेमध्ये एकही अक्षर न पुसलेला स्टिकर सापडला तेव्हा मला त्या शाईचा आदरच वाटला. लिंबूवर्गीय साली, कांदा, लसूण, मिरची अगदी थोडं. मीठ-तेल लागलेलं शिजवलेलं अन्न, मांस, दूध-दही अजिबात नको. आणि पाळीव प्राण्यांची विष्ठाही नको. कचऱ्याच्या मोठ्या ढिगासारखं गांडूळ पेटीत तापमान चढत नाही, म्हणून रोगजंतू आणि बिया मरतील अशी खात्री देता येत नाही. टोमॅटोची रोपं माझ्या खतातून हमखास उगवतात, त्यावरून काय ते समजा.

या पेटीचं एक सुख मात्र टबाने मला कधी दिलं नव्हतं. ट्रे उथळ असल्याने वरचं झाकण उघडून हळूच सगळं बघता येतं. भोपळ्याची एक फोड मी उलटून पाहिली. आतला गर संपलेला, साल पापुद्र्याइतकी पातळ उरलेली, आणि तिच्या खोलगट भागात गांडुळांची गुंतवळ. लाल दिव्यात पाहिलं तर ती फारशी पळत नाहीत, कारण लाल उजेड त्यांना जवळजवळ जाणवत नाही. सालीच्या कडेला मोहरीच्या दाण्याहून थोडे मोठे, एका टोकाला चोच असलेले कोष चिकटले होते. ताजा कोष फिकट पिवळा असतो, दिवस भरत येतील तसा तांबूस होतो. त्यातला एक पाण्याच्या थेंबात ठेवून भिंगाखाली धरला, तर आत काहीतरी सरकताना दिसलं आणि त्यातून धागाभर लाल रक्तवाहिनी. लॅब सोडल्यापासून इतका वेळ भिंगाला डोळा लावून बसले नव्हते. आयसेनियाच्या एका कोषातून बहुधा दोन ते चार पिल्लं निघतात, साधारण तीन आठवड्यांत. पिल्लू पांढुरकं, दोऱ्याएवढं असतं. अंगावर जाड पट्टा आला की ते वयात आलं समजायचं, त्याला दीड-दोन महिने लागतात. प्रत्येक गांडूळ नरही असतं आणि मादीही, तरी बहुधा जोडी लागतेच. त्यांची संख्या जागा आणि खाणं यांच्या मानाने आपोआप आवरते, म्हणून ‘पेटी भरून बाहेर येतील का’ ही शेजारणींची भीती निराधार आहे.

चुन्याच्या पाकिटाकडे वळते. पुस्तिका म्हणते दर आठवड्याला एक चमचा. का, ते सांगत नाही. मी आंबटपणा मोजणारी पीएच पट्टी लावून पाहत आले, माझा माल ६ ते ७ च्या दरम्यान राहतो आणि त्यात गांडुळं सुखी आहेत. गरज नसताना चुना घालत राहिलात तर पीएच वर जातो आणि मालातला अमोनिया वायू होऊन सुटतो, म्हणजे वास येऊ नये म्हणून घातलेल्या चुन्यानेच नाकाला झोंबणारा वास. पाकिटात निदान कॅल्शियम कार्बोनेट होतं. ते संपल्यावर कोणी घरातला कळीचा किंवा भिजवलेला चुना घालील, तो गांडुळांना सरळ भाजतो. अंड्याची टरफलं वाळवून पीठ करा. आंबटपणाही हळूहळू कमी होतो आणि पेषणीला दळायला खरखरीत कणही मिळतात. माझं पाकीट अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे.

पाणी घालण्याची सूचनाही अशीच डोळे मिटून दिलेली. भाज्या-फळांच्या सालींत मुळातच ८०-९० टक्के पाणी असतं. प्लास्टिकच्या पेटीतून ते उडून जायला फारशी वाट नाही. मूठभर माल घट्ट दाबला की बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, एवढी ओल पुरते. धार लागली तर कोरडा पुठ्ठा घालायचा. माझ्या पेटीत वरून पाणी घालायची वेळ क्वचितच आली, पुठ्ठा मात्र सारखा लागतो. घरात येणारं प्रत्येक खोकं आता हे माझ्यासाठी फाडून ठेवतात, हा त्यांचा या प्रकल्पातला वाटा.

आता तोटी. पेटीचा सगळ्यात गाजवलेला भाग हाच, आणि सगळ्यात कच्चाही. पुस्तिकेत तोटीतून निघणाऱ्या काळ्या पाण्याला ‘व्हर्मीवॉश’ म्हटलं आहे आणि झाडांचं टॉनिक म्हणून त्याचे गोडवे गायले आहेत. व्हर्मीवॉश म्हणजे जिवंत, खेळत्या हवेच्या गांडूळखतातून स्वच्छ पाणी झिरपवून मुद्दाम काढलेला अर्क. तोटीतलं पाणी हे सडत्या सालींतून गळलेलं पाणी आहे, आणि टपात साचून राहिलं की त्यातली हवा संपलेली असते. त्यात अन्नद्रव्यं असतात, नाही असं नाही. पण अर्धवट कुजण्यातून तयार झालेली आम्लंही असतात, जी कोवळ्या मुळांना जाळू शकतात. मी ते दहापट पाणी घालून फुलझाडांच्या मातीत ओतते. कच्च्या खायच्या पानांवर कधीच फवारत नाही. त्यात कोणते जिवाणू आहेत ते तपासल्याशिवाय कोण सांगणार? खरं तर तोटीतून पाणी जास्त येणं ही बढाई मारायची गोष्टच नाही, पेटी जास्त ओली झाल्याची ती खूण आहे.

शिवाय तोटी टपाच्या तळापासून किंचित वर बसवली आहे. त्यामुळे ती पूर्ण उघडली तरी बोटाच्या पेराएवढं पाणी तळाशी राहतंच, आणि जाळीतून खाली पडलेली गांडुळं त्यात बुडतात. यावर मी तोटीच्या समोरच्या दोन पायांखाली लाकडाच्या चकत्या सारल्या, पेटी तोटीकडे झुकती केली आणि टपात मातीची एक बशी पालथी ठेवली, म्हणजे पडलेल्यांना चढायला बेट मिळालं. तोटी कायम उघडी आणि खाली डबा. बंद ठेवायची आणि आठवड्याने उघडायची, हा पुस्तिकेतला सल्ला मी खोडून टाकला आहे. आत जाळी नसल्याने तोंडाशी गाळ बसतो, तो काडीने मोकळा करावा लागतो. एवढ्या मोठ्या पेटीत दोन बोटं जाळी घालायला काय जात होतं?

आणि आता ते खोक्यावरचं वाक्य. गांडुळं आपली आपण वर चढतात का? चढतात, पण चढायला वाट असेल तर. ट्रे भरताना आपण तो काठोकाठ भरतो. महिन्या-दोन महिन्यांत माल कुजून निम्म्यावर बसतो. आता वर दुसरा ट्रे ठेवला की त्याची जाळी आणि खालचा माल यांच्यात चांगलीच पोकळी राहते. हवेत उडी मारून जाणारं गांडूळ मी अजून पाहिलेलं नाही. काही भिंतीवरून सरपटत जातात, बाकीची खालीच राहतात, उपाशी. पुस्तिकेतल्या चित्रात दोन ट्रे नीट एकमेकांत बसलेले दाखवले आहेत, मधल्या पोकळीबद्दल चकार शब्द नाही. वर ट्रे चढवण्याआधी खालचा माल जाळीला टेकेल इतकी पुठ्ठ्याची आणि अर्धवट कुजलेल्या पाल्याची भर घालायची, वरच्या ट्रेचा तळ त्यावर अक्षरशः टेकवायचा, आणि मग फक्त वरच खाऊ घालायचं. असं केलं की बहुतेक मोठी गांडुळं काही आठवड्यांत वर येतात. कोष आणि पिल्लं मात्र खालीच असतात, म्हणून ‘खालचा ट्रे काढला की खत तयार’ हे अर्धसत्य.

मी खालचा ट्रे काढून उजेडात प्लास्टिकच्या कागदावर त्याचे छोटे छोटे ढीग करते. उजेडापासून पळायला गांडुळं ढिगाच्या पोटात शिरतात. वरवरचं खत हाताने काढायचं, थोडं थांबायचं, पुन्हा काढायचं. शेवटी तळाशी गांडुळांचा गोळा उरतो, तो वरच्या ट्रेमध्ये. टबातही हेच करायचे, फरक एवढाच की इथे एका वेळी एक ट्रे हाताळायचा असतो आणि तो मला पेलतो. मुलाने ज्यासाठी पैसे घातले ते काम पेटी चोख करते.

मिळालेलं खत काळंभोर, दाणेदार, वासाला नुसतं मातीचं. ते एकटं कुंडीत भरू नका. मातीत दहा ते वीस टक्के पुरे, त्याहून जास्त घालून फायदा वाढत नाही. चाळलेलं खत वापरीपर्यंत हवा लागेल अशा कापडी पिशवीत ठेवावं, घट्ट डब्यात ते गुदमरतं आणि वास मारायला लागतं.

किड्यांबद्दल पुस्तिका इतकी घाबरवते की काही विचारू नका. पेटीत गांडुळांशिवाय खूप जण राहतात. टुणटुण उड्या मारणारे बारीक पांढरे किडे, माइट्स म्हणजे कोळ्याच्या कुळातले भुरकट बारीक जीव, दोऱ्याएवढी पांढरी गांडुळं ज्यांना पॉटवर्म म्हणतात, ही सगळी कुजवणारी मंडळी आहेत. फार वाढली तर माल जास्त ओला किंवा आंबट झालाय एवढंच समजायचं. जाड, चपट्या, मातकट अळ्या दिसल्या तर त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या. गांडुळांना त्या खात नाहीत, पण त्यांचं खाणं पळवतात, म्हणून वेचून बाहेर. मुंग्या आल्या तर उलट पेटी कोरडी पडली आहे. पायांवर पेट्रोलियम जेलीचा पट्टा ओढला की त्या चढत नाहीत. फवारा मारू नका, गांडुळंच मरतील. गंभीर लक्षण एकच: गांडुळाच्या अंगावर मण्यांच्या माळेसारख्या गाठी येणं. प्रथिनांचा मारा झाला, म्हणजे डाळी-धान्याचं खाणं भरमसाट पडलं, की पोटात ते आंबून असं होतं. तेव्हा ते खाणं उपसून ताजा पुठ्ठा भरायचा आणि काही दिवस उपास घडवायचा.

परगावी जाताना शेजाऱ्यांना पेटीची जबाबदारी देऊ नका. काळजीपोटी लोक जास्तच खाऊ घालतात. पुठ्ठा हेही त्यांचं अन्नच आहे, तो भरपूर घालून, ओल बघून, पेटी सावलीत ठेवून दोनतीन आठवडे खुशाल जावं.

पाचपैकी साडेतीन तारे देते. एक तारा तोटीपायी कापला, अर्धा पिशवीतल्या वजनापायी. पुस्तिकेचे कापायचे ठरवले तर तारे पुरणार नाहीत. ज्यांची कंबर-मनगटं धड आहेत आणि घरात झाकणाचा एखादा गडद टब पडून आहे, त्यांनी त्याला तळाशी आणि कडेला भोकं पाडावीत, खाली ताट ठेवावं आणि ही पेटी घेऊ नये. गांडुळांना फरक कळत नाही, माझ्या टबातली तितकीच फळली आहेत. ज्यांना वजन उचलता येत नाही, जागा अरुंद आहे, किंवा पाहुण्यांदेखत भोकाभोकांचा टब नको वाटतो, त्यांनी जरूर घ्यावी. कंपनी आता चौथ्या ट्रेसाठी मुलाला सारखे मेसेज पाठवते आहे. तो घेऊ नका. एका वेळी खाणं एकाच ट्रेमध्ये घालायचं असतं, दोन ट्रे खाली मुरत असतात, चौथा नुसता वजन वाढवतो आणि सगळ्यात खालच्या ट्रेमधला माल दाबून चिखल करतो.